मित्रराष्ट्रविरोध (निवडणुकीतला)

ज्या देशाशी आपला करार आहे, ज्याचं सैन्य किंवा बाजार आपल्याला लागतो, त्याच्यावरचा राग मतपेटीत उतरतो, त्याला हे नाव. शत्रुदेशावरच्या रागापेक्षा हे वेगळं, कारण इथे बहुतेकांना मैत्री तोडायची नसते, दादागिरी नको असते.

सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. बरेच जण कॅनडाची २१ सप्टेंबर १९११ ची निवडणूक सांगतात. लॉरिए सरकारने अमेरिकेशी जकात कमी करायचा करार केला, त्यात तिथले नेते चॅम्प क्लार्क बोलून गेले की अमेरिकेचा झेंडा पार उत्तर ध्रुवापर्यंत फडकलेला बघायचाय, आणि बोर्डेनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ते वाक्य शेवटपर्यंत सोडलं नाही. लॉरिए हरले. पण फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात खरा राग ब्रिटनच्या मदतीला जाऊ शकेल असं नौदल उभारण्यावर होता, शिवाय तेव्हा दोन्ही देशांत लष्करी युती नव्हतीच, ती नाटोमुळे १९४९ मध्ये आली. म्हणून काटेकोर व्याख्या धरली तर १९६३ पासून मोजणं जास्त पटतं. त्या वर्षी अमेरिकन बनावटीच्या बोमार्क मिसाइलवर अण्वस्त्रं बसवायची की नाही यावर कॅनडाचे पंतप्रधान डीफेनबेकर यांचं सरकार पडलं, त्यांनी प्रचारात अमेरिकेला धारेवर धरलं आणि तरीही ते हरले, म्हणजे राग असला की मतं मिळतातच असं नाही हे तिथेच दिसलं.

२००२ मध्ये जर्मनीत चॅन्सेलर श्रोडर यांनी अमेरिकेच्या इराक युद्धात उतरायला नकार दिला, दोन्ही मोठ्या गटांना ३८.५ टक्के मतं पडली, फरक जेमतेम सहा हजार मतांचा होता आणि श्रोडर यांचं सरकार टिकलं. मात्र त्याच ऑगस्टमध्ये एल्ब नदीला पूर आला होता आणि सरकारच्या मदतकार्याचाही फायदा झाला असावा, त्यामुळे सगळं श्रेय इराकला देणं घाईचं वाटतं. त्याच वर्षी दक्षिण कोरियात अमेरिकन लष्करी गाडीखाली दोन शाळकरी मुली गेल्या, सैनिक निर्दोष सुटले, मेणबत्ती मोर्चे निघाले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेपुढे झुकणार नाही म्हणणारे रो मू-ह्यून राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

मालदीवमध्ये २०२३ साली भारतीय सैनिक परत पाठवा म्हणणाऱ्या 'इंडिया आउट'च्या लाटेत मुइझ्झू सुमारे ५४ टक्के मतं मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले.

हे घडतं कसं, तर लोक मत बदलतात त्यापेक्षा छोट्या पक्षांची मतं एका मोठ्या पक्षाकडे सरकतात, हे जास्त पटतं. एप्रिल २०२५ मध्ये कॅनडात ट्रम्प यांचं टॅरिफ आणि कॅनडाला अमेरिकेचं '५१ वं राज्य' करण्याची भाषा यांवरून लिबरल पुन्हा जिंकले, तेव्हा एनडीपी हा छोटा डावा पक्ष ७ जागांवर आला, पण कॉन्झर्व्हेटिव्हांची मतं वाढलीच.