बनावट प्रोफाइल निघालं तर: नाशिककरांनी तक्रार कुठे आणि कशी करायची

नाशिकरोडला आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींच्या नावाने, त्यांचाच हळदीकुंकवाचा फोटो लावून कुणीतरी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं आणि नातेवाइकांकडे पैसे मागायला सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी भराभर रिपोर्ट केलं आणि संध्याकाळपर्यंत खातं गेलं. पण त्याची लिंक कुणीच जपली नव्हती. दोघांचे पैसे गेले होते आणि पोलिसांना दाखवायला हातात काही नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: आधी पुरावा, मग रिपोर्ट.

पुरावा म्हणजे नुसता स्क्रीनशॉट नव्हे. दिसणारं नाव शंभर जणांचं असतं, म्हणून प्रोफाइलची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये युजरनेम आणि तारीख-वेळ दिसू द्या. चॅट पुसू नका आणि ज्या मोबाइलवर मेसेज आले तो फॉरमॅट करू नका. पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा संदर्भ क्रमांक) जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ते गोठवता आले तरच हाती लागतात.

आता खातं हटवण्याचं. तीन टिंबांखालचं ‘रिपोर्ट’ बटण एवढ्यावर थांबू नका. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क ॲपच्या मदत विभागात किंवा संकेतस्थळावर मिळतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा आणि मिळालेला क्रमांक जपा. तोतयागिरी, मॉर्फ केलेले फोटो, नग्न चित्रं अशी तक्रार असेल तर मजकूर जास्तीत जास्त 2 तासांत (फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीआधी ही मुदत 24 तास होती) हटवण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मची आहे. अशी तक्रार पीडित व्यक्ती स्वतः करू शकते किंवा तिच्या वतीने दुसरं कुणीही. मुलगी घाबरून गप्प बसली असेल तर आई, भाऊ, मैत्रीण पुढे होऊ शकतात, आणि त्यांनी व्हावंच. खातं खरंच तुमच्या नावाने आहे हे दाखवायला ओळखपत्राचा फोटो मागितला जाऊ शकतो.

निर्णय पटला नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. मुदत निर्णय कळल्यापासून 30 दिवस. वर जपायला सांगितलेला तक्रार क्रमांक इथे लागतो.

पोलिसांकडे जायचं तर सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड ही शहर आयुक्तालयाची हद्द. निफाड, सिन्नर, येवला नाशिक ग्रामीणमध्ये येतात. हद्दीवरून परत पाठवलं तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या एफआयआरचा, आग्रह धरा. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे दखलपात्र गुन्हा न नोंदवण्याचं कारण होऊ शकत नाही. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, आणि महिला-मुलांबाबतची काही तक्रार नाव न देताही. पण पोर्टलची पोच म्हणजे एफआयआर नव्हे, तेव्हा पाठपुरावा सोडू नका.

सोबत आधार किंवा इतर ओळखपत्र, लिंक लिहिलेला अर्ज, स्क्रीनशॉटच्या प्रिंट, प्लॅटफॉर्मचा तक्रार क्रमांक आणि पैसे गेले असतील तर बँकेचा उतारा न्या. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती हातात घेऊनच ठाण्याबाहेर पडा.