मागचा रायडर खरंच जवळ आला का? अंतर आणि गॅपमधला घोळ

मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलींच्या सर्वोच्च जागतिक मालिकेची, कुठलीही शर्यत लावा. लांब सरळ पट्टीच्या शेवटी गाड्या ब्रेक मारतात, मागचा रायडर पुढच्याच्या अगदी मागे आलेला दिसतो आणि समालोचक ओरडतो, "ब्रेकिंगमध्ये किती गाठलं बघा!" वळण संपतं, गाड्या पुन्हा वेग घेतात, दोघांमध्ये मोकळा रस्ता दिसू लागतो. आता दुसरं वाक्य येतं, "इंजिन कमी पडतंय, पुन्हा मागे राहिला." पुढच्या लॅपला, म्हणजे सर्किटच्या पुढच्या फेरीला, हीच दोन वाक्यं, त्याच जागी, त्याच आवेशात. शर्यत संपली की व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चाही यावरच होते: अमक्याचे ब्रेक भारी, तमक्याच्या गाडीत दम नाही.

बहुतेक वेळा यातलं काहीच घडलेलं नसतं. ब्रेकिंगमध्ये कुणी काही कमावलेलं नसतं आणि सरळ पट्टीवर कुणी काही गमावलेलं नसतं. दोघांमधला वेळेचा फरक संपूर्ण लॅपभर तेवढाच असतो. बदलतं ते फक्त मीटरमधलं अंतर, आणि टीव्हीच्या चित्रात आपल्याला तेवढंच दिसतं.

इथे अंतर म्हणजे मीटर आणि गॅप म्हणजे सेकंद, असं धरून चालू. गॅपचेही दोन प्रकार असतात: पहिल्या क्रमांकाच्या रायडरपासूनचा आणि आपल्या पुढच्या रायडरपासूनचा. पडद्याच्या डाव्या बाजूची यादी कधी हा दाखवते, कधी तो. हे तुम्हाला माहीतच असेल आणि त्यात फारसं कुणी फसतही नाही. फसतात ते मीटर आणि सेकंद यांच्यात.

आकडे घेऊनच बघू. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारत ग्रांप्री झाली. तिथली मागची किलोमीटरभराची सरळ पट्टी आणि तिच्या टोकाचं घट्ट वळण अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. समजा दोन रायडर तिथे ०.६ सेकंदाच्या गॅपने धावतायत. पट्टीच्या शेवटी वेग ताशी ३४० किलोमीटर धरला तर गाडी सेकंदाला ९४ मीटर जाते. म्हणजे ०.६ सेकंदाचे झाले जवळपास ५७ मीटर. वळणात वेग ताशी ९० वर आला की गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. तोच ०.६ सेकंद आता १५ मीटरचा झाला. गॅप तसूभरही बदललेला नाही, पण पडद्यावर ५७ मीटरचे १५ मीटर झाले. कुणाच्याही डोळ्याला वाटणारच, की मागच्याने ४२ मीटर खाल्ले.

कारण साधं आहे. पुढच्याने ब्रेक आधी मारला, कारण तो त्या जागी आधी पोचला. तो मंदावला तेव्हा मागचा अजून पूर्ण वेगात होता, म्हणून मधला रस्ता आटला. ०.६ सेकंदाने मागच्यानेही त्याच जागी ब्रेक मारला. वळणातून बाहेर पडताना हेच उलटं होतं. पुढच्याने थ्रॉटल आधी उघडला, म्हणजे वेग आधी वाढवला, कारण बाहेर पडण्याच्या जागी तोच आधी पोचला, आणि मधला रस्ता पुन्हा ताणला गेला. द्रुतगती मार्गावरून खालापूरच्या टोलनाक्याकडे येताना हेच होतं. शंभर मीटर पुढे असलेली गाडी नाक्याजवळ तुमच्या बोनेटला चिकटल्यासारखी होते आणि नाका सुटला की पुन्हा लांब जाते. तुम्ही तिला गाठलेलं नसतं आणि तिने तुम्हाला मागे टाकलेलं नसतं.

आता याची दुसरी बाजू बघा, कारण खरा घोटाळा तिथे आहे. समजा मागच्याने खरोखरच एक दशांश सेकंद कमावला आणि गॅप ०.६ चा ०.५ झाला. मोटोजीपीत ही फार मोठी कमाई आहे. पाच-सहा लॅप असं केलं तर तो पुढच्याच्या शेजारी येऊन उभा राहील. पण घट्ट वळणात हा बदल दिसेल कसा? १५ मीटरचे साडेबारा मीटर. जेमतेम एका मोटरसायकलच्या लांबीचा फरक. तो डोळ्यांनी पकडणं अशक्य आहे. म्हणजे जे ४२ मीटर ठळक दिसतात त्यांना काही अर्थ नाही, आणि ज्या अडीच मीटरमध्ये शर्यत दडलेली आहे ते दिसत नाहीत. म्हणूनच नुसतं चित्र बघून केलेलं समालोचन हमखास चुकतं. यात समालोचकाच्या हुशारीचा संबंध नाही. चित्रात ती माहिती मुळात नसतेच.

कॅमेऱ्याची लेन्स त्यात भर घालते. पट्टीच्या टोकाला, समोरून येणाऱ्या गाड्यांवर लांब पल्ल्याची लेन्स लावलेली असते. ती लेन्स खोली चेपते. पन्नास मीटर मागची गाडी पुढच्याच्या मडगार्डला टेकल्यासारखी दिसते. या शॉटवर अंतराबद्दल एक अक्षरही बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाजूने घेतलेला किंवा हेलिकॉप्टरमधून वरून घेतलेला शॉट निदान मीटरच्या बाबतीत खरं बोलतो.

मग खरं कसं ओळखायचं? एकाच जागेची तुलना करायची. या लॅपला या वळणाच्या तोंडाशी किती फरक होता आणि मागच्या लॅपला त्याच तोंडाशी किती होता. सर्किटच्या डांबराखाली टायमिंगचे लूप पुरलेले असतात. गाडीवरचा ट्रान्सपाँडर, म्हणजे तिची ओळख सांगणारं छोटं यंत्र, त्यावरून गेला की वेळ नोंदली जाते. मोटोजीपीत लॅपचे चार सेक्टर, म्हणजे तुकडे, धरतात, म्हणजे चार जागी तरी ही तुलना पक्की करता येते. ब्रेकिंगच्या आधीच्या नोंदीला ०.६ आणि वळणानंतरच्या नोंदीला ०.५ असेल, तर त्या तुकड्यात काहीतरी कमावलं हे नक्की. ते ब्रेकिंगमध्ये, वळणाच्या मध्यावर की बाहेर पडताना, हा पुढचा प्रश्न. इंजिनाचं गाऱ्हाणंही याच पद्धतीने तपासता येतं. वळणातून बाहेर पडल्यापासून पट्टीच्या टोकापर्यंत गॅप सेकंदांत वाढला तरच इंजिनाला किंवा मागच्या टायरच्या पकडीला दोष द्या. उलट जवळून पाठलाग करणाऱ्याला पुढच्याच्या मागे हवेचा रोध कमी लागतो, त्यामुळे पट्टीवर त्याचा गॅप थोडा घटायला हवा. तो घटला नाही, जसाच्या तसा राहिला, तर ती खरी बातमी आहे. चित्रात हेही दिसत नाही.

गॅप नीट वाचला तर काय हाती लागतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे मार्च २०२५ मधली बुरीरामची थायलंड ग्रांप्री. मार्क मार्केझ पोलवरून, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतल्या पहिल्या जागेवरून, निघून पुढे होता. सातव्या लॅपला त्याने वेग कमी केला आणि धाकट्या भावाला, अ‍ॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. मग पंधरा-सोळा लॅप तो त्याच्या मागेच राहिला. नुसतं चित्र बघणाऱ्याला वाटावं, की मार्कला जमत नाहीये, भाऊ भारी पडतोय. शेवटचे तीन लॅप उरले तेव्हा तो पुढे गेला आणि तेवढ्या तीन लॅपमध्ये दीड सेकंदाहून जास्त गॅप काढून जिंकला. लॅपमागे अर्धा सेकंद काढण्याइतका वेग ज्याच्या अंगात आहे तो सोळा लॅप मागे अडकलेला नव्हता. तो थांबलेला होता.

कशासाठी? पुढच्या टायरमधल्या हवेसाठी. मोटोजीपीत तेव्हा पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार (हवेच्या दाबाचं एकक) दाब लागायचा आणि मुख्य शर्यतीच्या ६० टक्के लॅपमध्ये तो राखावा लागायचा. नाहीतर निकालात १६ सेकंदांचा दंड. मोकळ्या हवेत एकटं पुढे धावलं की टायर थंड राहतो आणि दाब खाली जातो. कुणाच्या तरी मागे, त्याच्या गाडीच्या गरम हवेत राहिलं की टायर तापतो आणि दाब वर चढतो. मार्क भावाच्या मागे गेला तो यासाठी, आणि शर्यतीनंतर त्याने तसं सांगितलंही. पुढच्याच महिन्यात कतारला माव्हेरिक विन्यालेस दुसरा आला आणि याच नियमाच्या १६ सेकंदांनी थेट १४ व्या क्रमांकावर गेला. बुरीरामला ज्या आकड्याने शर्यतीचा डाव ठरला तो आकडा प्रेक्षकाच्या पडद्यावर नव्हता. घरी बसलेल्याला कळायला मार्ग नव्हता, की रायडर चुकला, गाडी बिघडली, की हा डाव आहे.

मीटर बिनकामाचे असतात असं नाही. वेळ नव्हे तर अंतरच महत्त्वाचं ठरतं अशा जागा आहेत. पुढच्याच्या मागच्या आडोशाचा फायदा किती मीटर मागे आहात त्यावर ठरतो. ओव्हरटेक करायचा तर ब्रेकिंगच्या जागी शेजारी किंवा निदान चाकामागे असावं लागतं. तिथे ताशी ३४० च्या वेगात एक दशांश सेकंद म्हणजे नऊ मीटरहून जास्त होतात, म्हणून वळणात चिकटलेला रायडर पट्टीच्या टोकाला मात्र आत घुसू शकत नाही. "एवढा जवळ असून जात का नाही?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे: तो जवळ नाही, त्या वळणाचा वेग कमी आहे.

प्रक्षेपणात काय बदलावं याबद्दल माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. दोघांची झुंज दाखवता ना, तर त्या दोघांचा गेल्या पाच लॅपचा गॅप, एकाच जागी मोजलेला, पडद्यावर ओळीने ठेवा. ०.९, ०.८, ०.८, ०.६, ०.५. पाच आकडे. यावरून आठवीतल्या मुलालाही सांगता येईल, की पाठलाग चालू आहे आणि साधारण किती लॅपमध्ये गाठ पडेल. वेळ आधीच मोजलेला असतो, त्याला नवं यंत्र लागत नाही. जमलं तर एकाच वळणात दोघांचे गाडीवरचे कॅमेरे शेजारी शेजारी चालवा, दोन्ही चित्रं त्याच दगडापासून, त्याच पांढऱ्या रेषेपासून सुरू करून. ब्रेक कुणी उशिरा मारला आणि थ्रॉटल कुणी आधी उघडला, हे तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसतं. पुढच्या टायरचा दाब मर्यादेच्या वर आहे की खाली, एवढी एक खूण नावाशेजारी दिली तर बुरीरामसारखी शर्यत सगळ्यांना समजेल.

त्याबदल्यात काय काढावं हेही सांगतो. गाडी किती अंशात झुकली हा आकडा काढा. ६० अंश झाले, ६२ झाले, पुढे काय? वळणात कोण वेगाने गेलं हे त्यावरून कळत नाही, कारण शरीर जास्त बाहेर काढणारा रायडर तोच वेग कमी झुकून गाठतो. सर्वाधिक वेगाचा तक्ताही शर्यत चालू असताना नको. २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेल्लो सर्किटवर ब्रॅड बिंडरने केटीएमच्या गाडीवर ताशी ३६६.१ किलोमीटर नोंदवले. त्या आठवड्याची स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी शर्यत, आणि मुख्य शर्यत, दोन्ही जिंकल्या दुसऱ्याच रायडरने, फ्रान्चेस्को बान्यायाने. वेगाचा आकडा लक्षात राहतो, शर्यतीबद्दल फारसं सांगत नाही. आणि शेवटच्या तीन लॅपमध्ये पिट बॉक्समधले चेहरे दाखवणं थांबवा. आईवडील नखं खातायत ते शर्यत संपल्यावर दाखवा, तेव्हा भरपूर वेळ असतो.

वेळेपुढे चित्र किती तोकडं आहे याचा पुरावा हवा असेल तर पोर्तुगालमधल्या एस्टोरिलची २००६ ची शर्यत बघा. टोनी एलियासने व्हॅलेंटिनो रॉसीला ०.००२ सेकंदांनी हरवलं. रेषेवर ताशी २५० किलोमीटर वेग धरला तर हे अंतर जेमतेम १४ सेंटिमीटर होतं. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०. त्या हंगामाअखेर विजेत्या निकी हेडनचे २५२ गुण झाले, रॉसीचे २४७. ते पाच गुण मिळाले असते तर दोघे बरोबरीत आले असते आणि जास्त शर्यती जिंकल्याने विजेतेपद रॉसीकडे गेलं असतं.

पुढची शर्यत बघताना एक वळण निवडा आणि दर लॅपला फक्त तिथला आकडा कागदावर टिपा. समालोचक ओरडेल तेव्हा आधी कागदाकडे बघा.