प्रेह विहेर : कड्यावरचे मंदिर आणि नकाशावरची रेषा

मंदिर कंबोडियाचे, पण त्याच्या पायऱ्या उतरतात थायलंडकडे. प्रेह विहेरचे भांडण समजून घ्यायचे तर आधी ही जागा डोळ्यांसमोर आणायला हवी. दांगरेक डोंगररांगेच्या उत्तरेला थायलंडचे पठार आहे. ते हळूहळू चढत कड्यापाशी येते आणि तिथून सुमारे ५२५ मीटर खाली कंबोडियाचे मैदान पसरते. घाटमाथ्यावरून ज्याने कोकण पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. मंदिर त्या कड्याच्या अगदी टोकावर आहे. ख्मेर म्हणजे कंबोडियाच्या जुन्या राजवटीतली मंदिरे बहुधा पूर्वाभिमुख असतात. इथे मात्र सुमारे ८०० मीटरची वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे चढते. पायऱ्या, फरसबंदी, एकामागून एक पाच गोपुरे आणि शेवटी गाभारा. गाभाऱ्यामागे कडा.

नवव्या शतकाच्या अखेरीस इथे आश्रम होता. आज दिसणारे बहुतेक बांधकाम अकराव्या-बाराव्या शतकातले. देव शिव, नाव शिखरेश्वर. गोपुरांवर समुद्रमंथन आहे, किराताशी झुंजणारा अर्जुन आहे. ‘प्रेह’ म्हणजे पवित्र आणि ‘विहेर’ म्हणजे आपलाच विहार. बौद्ध काळात रुळलेल्या या नावामुळे मूळ शैव स्थान असल्याचे पटकन लक्षात येत नाही. थाई लोक त्यालाच ‘फ्रा विहान’ म्हणतात. म्हणजे दोन्ही देशांचा शब्दही एकच.

खरी गुंतागुंत सुरू होते १९०४ मध्ये. कंबोडियावर तेव्हा फ्रान्सची सत्ता होती. फ्रान्स आणि सयाम (थायलंडचे तेव्हाचे नाव) यांच्या तहात ठरले की, दांगरेक भागात सरहद्द जलविभाजक रेषेने जाईल. पावसाचे पाणी जिथून दोन बाजूंना वाटले जाते, ती रेषा. ती प्रत्यक्ष आखायला दोन्ही बाजूंचा संयुक्त आयोग नेमला गेला. सयामकडे नकाशे काढण्याची पुरेशी साधने नव्हती, म्हणून त्यानेच फ्रेंच अधिकाऱ्यांना ते काम करायला सांगितले. १९०७ मध्ये नकाशे तयार झाले, पॅरिसमध्ये छापले गेले आणि १९०८ मध्ये सयामला पोहोचले. दांगरेकच्या नकाशात मंदिर कंबोडियात दाखवले होते. पण तो पूर्ण होण्याआधीच आयोगाचे काम थांबले होते. त्यामुळे त्या नकाशाला आयोगाची रीतसर मंजुरी कधीच मिळाली नाही, आणि त्यातली रेषा तिथे जलविभाजकावरून जात नाही असे थायलंडचे म्हणणे.

हा आक्षेप १९०८ मध्येच घेतला असता, तर पुढचे सगळे वेगळे घडले असते. घडले उलटेच. सयामने नकाशाबद्दल आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना वाटायला आणखी १५ प्रती मागवल्या. १९३० मध्ये सयामच्या राजघराण्यातली एक मोठी व्यक्ती मंदिर पाहायला आली. तिथे फ्रेंच झेंडा फडकत होता आणि फ्रेंच अधिकारी गणवेशात स्वागताला उभा होता. त्यावर कसलाही निषेध नोंदवला गेला नाही. १९३४-३५ मध्ये सयामच्या स्वतःच्या मोजणीत नकाशा आणि जलविभाजक यांतला फरक दिसला. तरीही १९३७ च्या त्यांच्याच नकाशात मंदिर कंबोडियातच राहिले.

कंबोडिया १९५३ मध्ये स्वतंत्र झाला, फ्रेंच गेले आणि १९५४ मध्ये थाई पहारा मंदिरात आला. बोलणी फिसकटली. १९५९ मध्ये कंबोडियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. निकाल १५ जून १९६२ चा. मंदिर कंबोडियाच्या हद्दीत, हे ९ विरुद्ध ३ मतांनी ठरले. तिथून हलवलेल्या मूर्ती व वस्तू परत कराव्यात, हे ७ विरुद्ध ५ मतांनी.

या निकालाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण तो मंदिर कोणी बांधले यावर दिलेला नाही आणि जलविभाजकावरही दिलेला नाही. पाणी नेमके कुठे वाटले जाते, हे शोधण्याची गरजच नाही असे बहुमताने म्हटले. सयामने नकाशा स्वीकारला, अर्धशतक त्यावर हरकत घेतली नाही, त्या सरहद्दीचे फायदे घेतले. आता मागे फिरता येणार नाही. बोलण्याची गरज आणि संधी असताना जो गप्प राहतो, त्याची संमती समजावी, या अर्थाचे लॅटिन वचन निकालात आहे. ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ आपण लहानपणापासून ऐकतो. इथे त्यावर एका डोंगराची मालकी ठरली. विरोधी मत देणाऱ्यांपैकी एका न्यायाधीशाला वाटत होते की तज्ज्ञ पाठवून जागेवर पाहणी करायला हवी होती. ही मागणी रास्त होती. पण १९३० च्या त्या भेटीला माझ्या मते उत्तर नाही. परक्या झेंड्याखाली स्वागत स्वीकारल्यावर नकाशातली चूक आमच्या लक्षात आली नव्हती, हे म्हणणे टिकत नाही.

थायलंडने निकाल मानला, पण आपला झेंडा न उतरवता खांबासकट उचलून नेला. मंदिराभोवती स्वतःच्या हिशोबाने रेषा आखून काटेरी तारही लावली. निकालात मंदिर आणि त्याचा ‘परिसर’ सोडण्याचा आदेश होता. परिसर म्हणजे केवढा, हे न्यायालयाने नकाशावर दाखवले नव्हते. पुढच्या ५० वर्षांची भांडणे या एका शब्दातून निघाली.

दरम्यान यादवीने मंदिर गिळले. १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती पडली, तरी या कड्यावरची सरकारी तुकडी २२ मे पर्यंत लढत होती. जून १९७९ मध्ये थाई सैन्याने ४०,००० हून अधिक कंबोडियन निर्वासितांना इथूनच कड्याखालच्या सुरुंगांत लोटले. पर्यटनाच्या माहितीफलकावर ही ओळ कधीच चुकू नये.

१९९२ मध्ये पर्यटक येऊ लागले, पुढच्याच वर्षी ख्मेर रूजने जागा पुन्हा बळकावली. १९९८ मध्ये दार उघडले, तेही थायलंडच्या बाजूने. तिकडच्या राष्ट्रीय उद्यानातून व्हिसाशिवाय, दिवसापुरते, सरळ पायऱ्या चढून जाता येई. कंबोडियाकडून मोटाररस्ता २००३ मध्ये पूर्ण झाला. पायऱ्यांपाशी कंबोडियन फेरीवाल्यांचा बाजार होता आणि गिऱ्हाईक बरेचसे थाई. ही व्यवस्था चालली होती.

७ जुलै २००८ ला मंदिर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि ती व्यवस्था मोडली. या नोंदणीला पाठिंबा दिल्याबद्दल बँकॉकमध्ये परराष्ट्रमंत्र्याला पद सोडावे लागले, उत्तरेची वाट बंद झाली, सुमारे ४.६ चौरस किलोमीटर जागेवरून सैन्ये समोरासमोर आली. एप्रिल २००९ मध्ये बाजार जळाला. फेब्रुवारी २०११ मध्ये तोफगोळे मंदिराला लागले. कंबोडिया ‘परिसर’ या शब्दाचा अर्थ विचारायला पुन्हा हेगला गेला. ११ नोव्हेंबर २०१३ ला एकमताने उत्तर आले: मंदिर ज्या सोंडेवर आहे ती पूर्ण सोंड कंबोडियाची. शेजारची टेकडी मात्र त्यात नाही. त्यानंतर जतनासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. तिचे सहअध्यक्षपद भारत आणि चीनकडे आहे.

२४ जुलै २०२५ पासून पाच दिवस सीमेवर पुन्हा लढाई झाली, डिसेंबरमध्ये आणखी एकदा. दोन्ही वेळा मंदिराचे नुकसान झाल्याचे कंबोडियाने सांगितले. त्याआधीच्या वर्षांत इथे पोहोचायची रीत अशी होती: अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरातून कड्याच्या पायथ्याशी यायचे, तिकीट काढायचे आणि उभ्या चढाच्या रस्त्याने मोटरसायकलवर किंवा पिकअपमध्ये बसून वर जायचे. बांधणाऱ्यांनी ज्या उत्तरेच्या पायऱ्यांवरून देवापर्यंत चढत येण्याची योजना केली, त्यांच्या पायथ्याची वाट २००८ पासून बंदच आहे.