गुडघ्यातलं पाणी काय सांगतं

सीआरपी (रक्तातली दाहाची चाचणी) नॉर्मल, पण एक गुडघा टम्म सुजलेला. आमवातात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, असंही दिसतं. रक्त साऱ्या शरीराची गोळाबेरीज सांगतं. एका सांध्यात काय पेटलंय हे तिथल्या पाण्यालाच विचारावं लागतं.

निरोगी गुडघ्यात हे पाणी, म्हणजे सांध्यातला वंगणासारखा द्रव, जेमतेम ३-४ मिली असतं. सुजलेल्या गुडघ्यातून सुईने ३०-४० मिलीसुद्धा निघतं. पहिली परीक्षा सिरिंजच्या टोकाशीच होते. थेंब सावकाश सोडायचा. निरोगी पाण्याला पाकासारखी ४-५ सेंमी तार सुटते. दाह असेल तर ते नुसतं टपटपतं, कारण त्याला चिकटपणा देणाऱ्या हायलुरोनिक आम्लाच्या लांब साखळ्या तुटलेल्या असतात. मग नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं लागली नाहीत, तर आत पेशींची गर्दी आहे.

निरोगी पाण्यात प्रति मायक्रोलिटर २०० पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. २,००० च्या वर दाह धरतात आणि तेव्हा निम्म्याहून जास्त पेशी न्यूट्रोफिल (दाहात धावून येणारा पांढऱ्या पेशींचा प्रकार) असतात. ५०,००० च्या पुढे जंतुसंसर्गाचा संशय घ्यायचाच. पण आकडा कमी म्हणून संसर्ग नाही, असं धरू नये. आमवाताच्या सांध्यातही जंतू शिरतात. जंतू वाढवून पाहण्यासाठी कल्चर पाठवायचं, तेही शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी.

हे न्यूट्रोफिल कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन सोडतात. पेटलेल्या सांध्यात ते रक्तापेक्षा कैक पटींनी जास्त सापडतं. दाहाचा निरोप देणारं प्रथिन आयएल-६, त्याचंही तेच. एमएमपी-३ हे विकर (एन्झाइम) मुख्यतः सांध्याच्या अस्तरातून येतं आणि कूर्चा कुरतडायला हातभार लावतं. या तिन्हींचं पाण्यातलं मोजमाप मात्र अजून बहुतेक संशोधनापुरतंच आहे. रोजच्या कामात भरवसा पेशींच्या मोजणीवर.

आणि ती मोजणी बिघडते फार सहज. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजताना नमुना अ‍ॅसेटिक आम्लाच्या द्रावणाने पातळ करतात; त्या सवयीने इथेही ते घातलं की पाण्याची गुठळी होते, पेशी तीत अडकतात. म्हणून सलाईनच वापरायचं. पेशींसाठी द्रवरूप ईडीटीएची (गुठळी रोखणाऱ्या रसायनाची) नळी घ्यावी. ईडीटीएच्या भुकटीचे किंवा लिथियम हेपॅरिन या दुसऱ्या गुठळीरोधकाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांसारखे दिसतात आणि गाऊटचा (सांध्यात स्फटिक साचण्याच्या आजाराचा) घोळ होतो. नमुना तासाभरात तपासावा, कारण पेशी फुटत जातात आणि पेटलेला सांधा कागदावर शांत दिसू लागतो. उलट उपचार लागू पडून पाणी पुन्हा चिकट झालं, की मोजणीयंत्राची बारीक नळी तुंबते. तेव्हा आधी हायलुरोनिडेज (हायलुरोनिक आम्ल तोडणारं विकर) घालून ते पातळ करून घ्यावं लागतं.