पुरवठा म्हणजे गोदामातला माल नव्हे

आमच्या इंदूरात लसणाचा भाव चढला की घरोघरी एकच वाद, भाव वाढला म्हणजे लोक कमी घेणार, मागणी कमी झाली की भाव उतरणार, मग तो वाढलाच कसा? माझी भाची बारावीला इकॉनॉमिक्स शिकतेय, तिनेही परवा हेच विचारलं. प्रश्न अजिबात बाळबोध नाहीये, १९व्या शतकातले मोठमोठे विद्वान यात अडकले होते.

'डिमांड आणि सप्लाय' ही जोडी १७६७ मध्ये जेम्स स्ट्युअर्ट या स्कॉटिश माणसाच्या लिखाणात येते, नऊ वर्षांनी ॲडम स्मिथ. पण शब्द तेव्हा सैल होते, मागणी म्हणजे कधी लोकांची इच्छा तर कधी प्रत्यक्ष खपलेला माल, बोलता बोलता अर्थ बदलायचा आणि तर्क नेमका तिथेच घसरायचा. १८६९ मध्ये थॉर्नटन नावाच्या इंग्रज लेखकाने तर मागणी-पुरवठ्यावरून भाव ठरतो या नियमावरच हल्ला चढवला. दुसऱ्याच वर्षी फ्लीमिंग जेनकिनने, हा समुद्राखालच्या तारांचं काम करणारा इंजिनियर बरं का, सरळ दोन रेषा काढून दाखवल्या: अमुक भावाला विकणारे किती आणतील, घेणारे किती घेतील. म्हणजे पुरवठा हा गोदामातला ठरावीक माल नव्हे, ही अख्खी रेषा. (फ्रान्सात कूर्नो नावाच्या गणितज्ञाने मागणीची रेषा १८३८ लाच काढली होती, पण फारसं कुणी बघितलं नाही.) आता रेषेवर वर-खाली होणं वेगळं आणि अख्खी रेषाच सरकणं वेगळं. पीक बुडालं तर पुरवठ्याची रेषा सरकते, भाव चढतो, लोक कमी घेतात, पण मागणीची रेषा जागची हललेली नसते. भाचीचं कोडं इथेच सुटतं.

मग १८९० मध्ये इंग्रज अर्थशास्त्रज्ञ मार्शल म्हणाला, भाव कोण ठरवतं हे विचारणं म्हणजे कात्रीचं वरचं पातं कागद कापतं की खालचं असं विचारणं. आणि त्याने यात वेळ आणला, जे मला सगळ्यात मोठं वाटतं. चोइथराम मंडीत आज आवक झाली तेवढाच लसूण, भाव दुप्पट झाला तरी संध्याकाळपर्यंत नवा उगवत नाही, पुढच्या रब्बीत मात्र शेतकरी जास्त लावतो.

आपल्या माळव्यातच रेषा सरकण्याचं जुनं उदाहरण आहे, अफूचं. बिहारकडची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यात, पण इथली शिंदे-होळकरांच्या मुलखातली. कंपनीने स्वतः खरेदी करून पाहिली, संस्थानांशी करार केले, तरी माल राजपुताना, सिंध, कराची असा लांब वळसा घालून पोर्तुगीजांच्या दमणला जातच राहिला. शेवटी १८३० मध्ये पास, म्हणजे पैसे भरून मिळणारा वाहतूक परवाना, देऊन मुंबईला जाऊ दिलं, पेटीमागे १७५ रुपये. तेही जड झाले, वळसा सुरूच, म्हणून १८३५ ला १२५ वर यावं लागलं. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ती वाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत तोच पास ४०० रुपयांचा झाला. शेतं तीच, पीक तेच, पण दुसरी वाट मिटली तशी मुंबईला येणाऱ्या मालाची रेषा सरकली.

भाचीला मी आता या दोन रेषा काढायला सांगितल्यात, एक १८३५ ची, एक १८४७ ची.