सशाच्या लाकडी घराला पॉलिश कोणतं?

सशाचं लाकडी घर काही महिन्यांत ओळखू येतं. एक कोपरा काळा पडलेला, त्यावर खडूसारखं पांढरं पुट आणि वाकून पाहिलं की नाकात झोंबणारा वास. पुट कॅल्शियमचं असतं. अन्नातलं जास्तीचं कॅल्शियम ससा लघवीवाटे बाहेर टाकतो. त्याची लघवी मुळातच अल्कधर्मी, म्हणजे सामू (पीएच) ८ ते ९. ती लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये झिरपली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि अल्कधर्मीपणा आणखी वाढतो.

म्हणून पॉलिश लावायचं. हार्डवेअरच्या दुकानात साधारण तीन पर्याय समोर येतात: लाखेचं स्पिरिट पॉलिश, डबल बॉईल्ड जवसाचं तेल आणि पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर देणारं पॉलिश).

जनावर चाटणार-कुरतडणार हे धरलं, तर पहिला मान लाखेचा. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या इवल्या किड्यांचा हा स्राव. आपल्याकडे झारखंड त्यात आघाडीवर. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी लाखेनेच रंगवतात: कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते. चॉकलेट-गोळ्यांची चकाकीही बऱ्याचदा लाखेचीच असते (वेष्टनावर ई ९०४ लिहिलेलं सापडेल).

काही औषधी गोळ्यांना लाखेचं आवरण देतात, कारण जठरातल्या आम्लात ते टिकतं आणि पुढे आतड्यात, सामू वाढला की विरघळतं. लाखेच्या रेणूंवर मोकळे आम्लगट असतात. अल्क भेटला की त्यांचे विरघळणारे क्षार बनतात. आता हेच आवरण सशाच्या कोपऱ्यात लावून पाहा. गोळीचं आतड्यात जे होतं, तेच लाकडावर होणार. तोंडाला सगळ्यांत निर्धोक असलेलं पॉलिश लघवीपुढे सगळ्यांत कच्चं ठरतं. शिवाय आपला पावसाळा: उडून जाणारं स्पिरिट पृष्ठभाग थंड करतं, दमट हवेतली वाफ तिथे धरते आणि पॉलिश पांढुरकं पडतं. ते काम उन्हाळ्यातच उरकावं.

जवसाचं तेल ‘वाळतं’ म्हणजे त्यातलं काही उडून जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन घेतं, रेणू एकमेकांत गुंफतात आणि तेलाचं वजन चक्क वाढतं. कच्च्या तेलाला यासाठी कित्येक दिवस लागतात. डबल बॉईल्डमध्ये घाई करण्यासाठी बहुधा कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात, तेव्हा कुरतडण्याच्या वस्तूला ते नको. अल्कापुढे तेलाचीही धडगत नाही. साबण तयार होतो तीच क्रिया इथे सावकाश चालते. आणि तेलाने माखलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका: ऑक्सिजन घेताना उष्णता सुटते, ती आत कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी आग लागली ती अशाच चिंध्यांमुळे; तीन अग्निशामक जवान त्यात गेले.

राहिलं पीयू. त्याची रेणूंची जाळी अल्कापुढे लाख किंवा तेलापेक्षा बरीच जास्त टिकते, म्हणून लघवीच्या जागेसाठी तेच कामाचं. मात्र हाताला सुकलं म्हणजे पक्कं झालं असं नव्हे. बोटाला काही तासांत कोरडं लागतं, जाळी पूर्ण विणली जायला आठवडे लागू शकतात. तोवर घर गॅलरीत, सशापासून लांब. घरात पक्षी असतील तर अधिकच जपा. त्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, ऑक्सिजन जास्त शोषला जातो आणि विषारी वाफाही. (लव्हबर्ड, बजरीगर यांच्याबद्दल बोलतोय; आपला पोपट पाळणं कायद्याने बंद आहे.) त्यांच्या बसायच्या दांडीला तर कोणतंच पॉलिश नको, पेरूची सालीसकट फांदी उत्तम.

पीयू लावताना फळीच्या कापलेल्या टोकांना जास्त हात द्या. तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि पाणी सपाट बाजूपेक्षा कितीतरी वेगाने शिरतं. एकच फट राहिली तरी ओल थराखाली अडकते आणि लाकूड आतून कुजतं. यापेक्षा उघडं लाकूड बरं, ते निदान वाळतं.

पण सशाचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात आणि ते झिजवायला तो नेमक्या कडाच धरतो. सोललेला थर पोटात जातो आणि सशाला उलटी होत नाही. म्हणून दाराच्या चौकटी, उंबरा, कडा कोऱ्याच ठेवाव्यात आणि खराब झाल्या की बदलाव्यात. पीयू फक्त तळाच्या फळीला, तेही दात पोहोचणार नाहीत तिथपर्यंत. आणि ससा ज्या कोपऱ्यात रोज लघवीला बसतो तिथे सरळ एक चकचकीत फरशीचा तुकडा ठेवावा. भट्टीत भाजलेल्या त्या काचेच्या थराला अमोनियाचं काही वाटत नाही.