लोक शर्यतीला अपघात पाहायला जातात का?

मोटार शर्यतीला लोक अपघात पाहायलाच जातात, हा समज नागपुरात धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवरही ठामपणे ऐकू येतो. तो चुकीचा आहे. गाडी घसरताना अंगावर काटा येतो हे खरे, पण चालक सुखरूप बाहेर पडेल या भरवशावरच तो थरार सोसवतो. 2020 मध्ये बहरीनच्या शर्यतीत फॉर्म्युला वन चालक रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली, तेव्हा तो वाचल्याचे कळेपर्यंत प्रक्षेपणात त्या धडकेची दृश्ये पुन्हा दाखवली गेली नाहीत.

त्या समजाचा पुरावा म्हणून नेहमी फ्रान्समधली 1955 ची ल मान्स शर्यत पुढे केली जाते: गाडीचे अवशेष गर्दीत घुसून 80 हून अधिक माणसे गेली, तरी शर्यत थांबली नाही. मात्र तो निर्णय प्रेक्षकांचा नव्हता. परतणाऱ्या गर्दीने रुग्णवाहिकांचे रस्ते अडू नयेत, हे आयोजकांनी त्याचे कारण दिले होते.